फ्लॅमेंको नृत्य आणि आपलें अंगण

(धर्मग्रामाच्या ज्युबिली महोत्सवांत, तरुण मंडळाच्या नृत्यप्रयोगापूर्वीं, नांदुरा येथें दिलेलें भाषण)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेंत एक ओळ अशी आहे कीं, ती वाचून आपणांपैकीं पुष्कळांच्या भुवया वर चढल्या असतील. "फ्लॅमेंको नृत्य, सादर करणार तरुण मंडळाच्या मुली." ज्युबिलीच्या तयारीसाठीं ज्या सभा झाल्या, त्यांत ह्या एका ओळीवर जितका वाद झाला तितका मंडपाच्या खर्चावरहि झाला नाहीं. कोणी म्हणालें, हें परदेशी थेर आपल्या आवारांत कशाला? कोणी म्हणालें, मुलींनीं टाचा आपटून नाचणें शोभतें काय? मुलींच्या बाजूचे म्हणाले, नाताळांत चित्रपटांच्या गाण्यांवर नाच होतात तेव्हां कोणी हूं कीं चूं करीत नाहीं. मग ह्यालाच विरोध कां? शेवटीं फादरांनीं अशी तोड काढली कीं, नाच होऊं द्यावा, परंतु त्याच्या आधीं कोणीतरी घटकाभर उभें राहून हें नृत्य काय आहे तें लोकांस समजावून सांगावें. आणि मी जन्मभर शाळामास्तर होतों एवढ्याच कारणावरून तें काम माझ्या गळ्यांत पडलें.

मी नाचणारा नव्हे. माझे गुडघे आतां जिना चढतांनाहि कुरकुरतात. तथापि ह्या विषयाशीं माझा थोडा संबंध आला आहे, आणि त्या संबंधांतून मला माझीच एक जुनी चूक उमगली. ती आपणांपुढें सांगितल्यावांचून हें भाषण पुरें होणार नाहीं. तिच्याकडे मी शेवटीं येईन.

दोन वर्षांपूर्वीं मी पुण्यास नातीकडे राहावयास गेलों होतों. तिच्या सुटीच्या दोन दिवसांत तेथें फ्लॅमेंकोची एक कार्यशाळा होती, व तींत तिनें नांव घातलें होतें. म्हाताऱ्याला घरीं एकटें कसें ठेवावें, म्हणून तिनें मलाहि बरोबर नेलें आणि भिंतीशीं एका खुर्चीवर बसविलें. शिकविणाऱ्या बाई आपल्याच देशांतल्या; पण कांहीं वर्षें स्पेनमध्यें राहून शिकून आलेल्या. माझी समजूत अशी कीं, आतां घागरे फिरतील, पंखे उघडतील, लाकडी चिपळ्या खडखडतील. प्रत्यक्षांत पहिला सगळा तास कोणीं पाऊलहि उचललें नाहीं. वीसएक मुली वर्तुळ करून उभ्या राहिल्या आणि नुसत्या टाळ्या वाजवीत राहिल्या. माझ्या नातीनें कंटाळून विचारलें, "बाई, नाच कधीं शिकवणार?" बाई म्हणाल्या, "हाच नाच. ज्याला दुसऱ्यासाठीं टाळी धरतां येत नाहीं, त्यानें मध्यें उभें राहूं नये." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आजोबा, तुम्हीहि हात पुढें करा. येथें नुसतें पाहणारा कोणी नसतो."

तें वाक्य मी गांवीं येतांना आगगाडींत मनाशीं घोळीत आलों. आज जें कांहीं सांगणार आहें त्याचें मूळ तेंच.

आतां हें नृत्य म्हणजे काय तें पाहूं. स्पेन देशाच्या दक्षिण भागास आंदालुसिया म्हणतात. सेव्हिल, कादिझ, हेरेझ हीं तेथलीं गांवें, आणि तीच फ्लॅमेंकोची जन्मभूमि. आपल्याकडे गीत, वाद्य व नृत्य ह्या तिहींस मिळून संगीत म्हणण्याची जुनी चाल आहे. फ्लॅमेंकोहि तसाच त्रिविध आहे. 'कांते' म्हणजे गायन, 'तोके' म्हणजे गितारवादन, 'बाइले' म्हणजे नृत्य. तिहींत वडीलकीचा मान गायनाचा. नर्तकी गाणाऱ्याची ओळ ऐकते, आणि ओळ संपली कीं पायांनीं तिला उत्तर देते. चवथें अंग 'पाल्मास', म्हणजे टाळी. ती दोन प्रकारची: तळवे खोलगट करून वाजविलेली दबकी टाळी, गायन चाललें असतांना, आणि बोटें दुसऱ्या तळव्यावर मारून काढलेली कडक टाळी, पाय जोरांत आले म्हणजे. पांचवें अंग म्हणजे भोंवतालच्या लोकांनीं मध्येंच दिलेली शाबासकीची हांक. तिला 'हालेओ' म्हणतात, आणि तिच्यांतला 'ओले' हा शब्द सर्व जगाला ठाऊक झाला आहे. आपल्या बैठकींत समेवर 'वाहवा' निघते, तसेंच हें.

पायांचें काम असें. बुटांच्या चवड्याला व टाचेला बारीक खिळे ठोकलेले असतात, त्यामुळें पायांखालची फळी हेंच एक वाद्य होतें. आपला कथक नाचणारा घुंगरूं बांधून अनवाणी तळव्यानें जें बोलतो, तें हे लोक टाचेनें व चवड्यानें बोलतात. हात मात्र ह्या गडबडींत सामील होत नाहींत. ते खांद्यापासून सावकाश उठतात, आणि मनगट व बोटें कळी उमलावी तशीं वळतात. चित्रांत ज्या चिपळ्या दिसतात, त्या मूळच्या ह्या नृत्याच्या नव्हेत. त्या स्पेनमधील दुसऱ्या नृत्यशाखांतून आल्या. ज्या लाकडी खोक्यावर बसून हल्लीं ताल धरतात, तें 'काहोन' तर समुद्रापलीकडच्या पेरू देशाचें. प्रसिद्ध गितारवादक पाको दे लुसिया ह्यांनीं १९७० नंतरच्या दशकांत तें फ्लॅमेंकोंत आणलें. तात्पर्य, जी कला आज अगदीं प्राचीन वाटते, तीहि बाहेरचें घेत घेतच वाढली आहे. परदेशी म्हणून नाक मुरडणाऱ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें.

आतां आपणांस थोडी तसदी देतों. सर्वांनीं हात पुढें घ्या. 'सोलेआ' नांवाचा एक प्रकार आहे, त्याचा ठेका बारा मात्रांचा. आपले एकताल व चौतालहि बाराच मात्रांचे, पण येथें वजन निराळ्या जागीं पडतें. एकापासून बारापर्यंत मोजा, आणि तीन, सहा, आठ, दहा व बारा ह्या मात्रांवर टाळी जोरानें द्या. एक, दोन, तीन; चार, पांच, सहा; सात, आठ; नऊ, दहा; अकरा, बारा. पाहिलेंत? पहिल्या दोन उड्या तिनाच्या, पुढच्या तीन उड्या दोनाच्या. आपल्या कानाला पहिल्या मात्रेवर सम शोधण्याची संवय. येथें पहिली मात्रा हळूच निघून जाते आणि वजन तिसरीवर येतें. म्हणून आपल्याकडचा माणूस पहिल्या दिवशीं हटकून चुकतो. मीहि चुकलों, आणि वीस मुली मला सांभाळून घेत टाळी धरून राहिल्या.

ह्या तालबद्ध चालीला तिकडे 'कोंपास' म्हणतात. आवाज गोड नसला तरी चालतो, शरीर स्थूल असलें तरी चालतें, वय साठ असलें तरी चालतें. कोंपास सुटला तर मात्र कांहीं चालत नाहीं. तेथें वृद्ध बाई उभी राहिली तर लोक सरसावून बसतात. कारण तिच्या दोन पावलांत जें असतें तें तरुणीच्या वीस पावलांत नसतें, असें ते मानतात.

आतां दुसरा प्रश्न. हा नाच कोणाचा? आंदालुसियांत अनेक लोक नांदून गेले. अरब, यहुदी, तेथलेच शेतकरी, ह्या सर्वांचें कांहींना कांहीं ह्या गाण्यांत मुरलें आहे. परंतु ज्यांनीं तें घराघरांतून पिढ्यानपिढ्या जतन केलें, त्यांत मुख्य तेथले 'गितानो', म्हणजे रोमा अथवा जिप्सी लोक. आणि ह्या लोकांचे पूर्वज हजार-दीड हजार वर्षांपूर्वीं वायव्य हिंदुस्थानाकडून निघाले होते.

ही दंतकथा नव्हे. त्यांच्या भाषेचीच साक्ष आहे. युरोपांतील रोमा लोक पाण्याला 'पानी' म्हणतात, कानाला 'कान', नाकाला 'नाख', दांताला 'दांद', जिभेला 'छिब', दुधाला 'थुद', मिठाला 'लोन', माणसाला 'मनुश', काळ्याला 'कालो'. त्यांची मोजदाद ऐका: येक, दुय, त्रिन, श्तार, पांज. सात, आठ, नऊ हे आंकडे मात्र ते ग्रीक भाषेंतले वापरतात. कारण वाटेंत ग्रीक लोकांच्या मुलखांत त्यांचा दीर्घ मुक्काम झाला. पुढें दहाला पुनः 'देश' आणि विसाला 'बिश'. नवल असें कीं, ह्या लोकांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हां नव्या वस्तूंना जुनींच नांवें दिलीं. परमेश्वराला ते 'देवेल' म्हणतात. धर्मगुरूला 'रशाय' म्हणतात, आणि हा शब्द आपल्या 'ऋषि' ह्या शब्दापासून झाला असें भाषापंडित सांगतात. आणि प्रभूच्या क्रुसाला ते काय म्हणतात? 'त्रुशुल', म्हणजे त्रिशूळ! बंधुभगिनींनो, देशोदेशींची धूळ तुडवीत गेलेल्या ह्या लोकांनीं गांठोडींत दुसरें कांहीं राखलें नसेल, पण हे शब्द राखले.

कांहीं उत्साही वक्ते येथून पुढें भरधांव सुटतात आणि म्हणतात कीं, फ्लॅमेंको म्हणजे आपलाच कथक, आणि जिप्सी म्हणजे आपले बंजारेच. गोष्ट आवडली म्हणून ती खरी मानूं नये. भाषा येथून गेली ह्याला पुरावा आहे. नाच येथून तयार होऊन गेला ह्याला नाहीं. फ्लॅमेंको घडला तो आंदालुसियाच्या मातींतच. आणि आपल्या बंजारा बांधवांची गोरमाटी भाषा ही राजस्थानी बोलींच्या घरची. हीं दोन्हीं माणसें दूरच्या नात्यांतलीं असूं शकतील. पण घर एकच, असें छातीला हात लावून सांगतां येत नाहीं.

मात्र दोघांच्या कपाळीं जें लिहिलें गेलें, तें एकमेकांसारखें आहे, आणि तें सांगणें आज अवश्य आहे.

रोमा लोक स्पेनमध्यें आले ते यात्रेकरू म्हणून. १४२५ सालच्या जानेवारींत आरागोनचा राजा आल्फोन्सो पांचवा ह्यानें त्यांच्या एका म्होरक्यास निर्वेध प्रवासाचा परवाना दिला. संत याकोबाच्या समाधीचें दर्शन घ्यावयास जातों, असें ते सांगत. आरंभीं त्यांचा आदर झाला. पुढें संशय, आणि संशयांतून छळ. १४९९ सालीं राजाज्ञा निघाली कीं, साठ दिवसांत कोठेंतरी स्थायिक होऊन धंदा पतकरा, नाहींतर देश सोडा. १७४९ सालच्या जुलैच्या शेवटीं तर एकाच वेळीं सर्व देशभर धरपकड करून हजारों लोक कैदेंत टाकले. पुरुष एकीकडे, बायकामुलें दुसरीकडे. १७८३ सालीं त्यांना इतर प्रजेप्रमाणें मानण्याचा कायदा झाला, पण त्याच कायद्यानें त्यांची भाषा, त्यांचा पोशाख आणि त्यांची भटकंती ह्यांस मनाई केली. हीं फर्मानें ज्यांच्या सहीनें निघालीं ते राजे स्वतःस कॅथलिक म्हणवीत होते, हेंहि आपण लपवूं नये.

अशा लोकांपाशीं काय उरावें? लोहाराच्या भात्यापुढें, लग्नाच्या अंगणांत, बाप्तिस्म्याच्या जेवणावळींत जें गाणें म्हणतां येतें तेवढें उरलें. एकोणिसाव्या शतकांत तें गाण्याच्या कॉफीगृहांतून लोकांपुढें आलें. प्रतिष्ठित मंडळी त्याला दारूच्या गुत्त्यांतला गोंगाट म्हणत. पुढें १९२२ सालच्या जून महिन्यांत संगीतकार मानुएल दे फाया व तरुण कवि फेदेरिको गार्सिया लोर्का ह्यांनीं ग्रानादा येथें, आलांब्रा राजवाड्याच्या आवारांत, ह्या खोल गायनाची स्पर्धा भरविली. अट अशी कीं, धंदेवाईक गवयांनीं भाग घ्यावयाचा नाहीं. तेथें मान मिळाला तो दिएगो बेर्मुदेझ नांवाच्या एका सत्तरी ओलांडलेल्या वृद्धाला आणि मानोलो काराकोल नांवाच्या बारा वर्षांच्या मुलाला. तो वृद्ध आपल्या गांवाहून ग्रानादापर्यंत पायीं चालत आला होता, असें सांगतात. विद्वानांनीं त्या दिवशीं एवढेंच केलें: ज्याला कोणी विचारीत नव्हतें त्याच्यापुढें ते गप्प बसले आणि त्यांनीं ऐकलें.

पुढची कथा थोडक्यांत सांगतों. बार्सेलोनाच्या समुद्रकांठीं सोमोरोस्त्रो नांवाची झोंपडपट्टी होती, तेथें जन्मलेली कार्मेन आमाया हिनें आपल्या पायांच्या वेगानें अमेरिकेपर्यंत लोक थक्क केले. ती १९६३ सालीं वारली. आणि १६ नोव्हेंबर २०१० रोजीं केनियांतील नैरोबी येथें युनेस्कोच्या बैठकींत फ्लॅमेंकोची गणना मानवजातीच्या अमूर्त वारशांत झाली. त्याच बैठकींत आपल्या राजस्थानांतील कालबेलियांच्या गाण्यानाचाचीहि गणना झाली. साप बाळगणारे, गांवाबाहेर पाल ठोकणारे ते कालबेलिया, आणि लोखंड ठोकणारे हे गितानो. दोघेहि एकाच यादींत, एकाच वर्षीं.

आतां ज्यांचा आक्षेप धर्माच्या बाजूनें आहे त्यांस दोन शब्द. नृत्य हें स्वभावतः अपवित्र, असें ख्रिस्तसभेनें मानलेलें नाहीं. कराराच्या कोशापुढें दावीद राजा आपलें सर्व बळ लावून नाचला, आणि त्यास हंसणाऱ्या मीखलेचें काय झालें तें आपण बायबलांत वाचलें आहे. सेव्हिलच्या भव्य मंदिरांत 'सेइसेस' नांवाची दहा मुलांची मंडळी आहे. ख्रिस्तशरीराच्या सणांत व निष्कलंक गर्भसंभवाच्या सणांत हीं मुलें पवित्र साक्रामेंतापुढें वेदीपाशीं नृत्य करतात, आणि ही चाल शतकानुशतकें चालत आली आहे. पवित्र आठवड्यांत दुःखी मातेची मूर्ति रस्त्यांतून जात असतां एखादा माणूस सज्जांतून वाद्यावांचून 'साएता' नांवाचें गीत म्हणतो, आणि सगळी मिरवणूक तें संपेपर्यंत थांबते. अर्थात् मिस्सेंत काय असावें हें ठरविण्याचा अधिकार ख्रिस्तसभेचा. मुलींचा नव्हे आणि माझाहि नव्हे. आजचा नाच मंडपांत आहे, वेदीपुढें नाहीं. तेवढी मर्यादा ठेवून जो पाहील, त्याला त्यांत उच्छृंखल कांहीं दिसणार नाहीं. २०११ सालच्या 'जिंदगी ना मिलेगी दोबारा' ह्या चित्रपटांतलें स्पेनचें गाणें पाहून आमच्या मुलींस ही आवड लागली हें खरें. पण त्या गाण्याच्या पायऱ्या उतरून त्या पुष्कळ खोल गेल्या आहेत.

आणि रोमा लोकांविषयीं आणखी एक. सेफेरिनो हिमेनेझ माया नांवाचा घोड्यांचा एक गितानो व्यापारी होता. अक्षरशत्रु, पण जपमाळेचा निस्सीम भक्त. स्पेनच्या यादवींत, १९३६ सालीं, एका धर्मगुरूची बाजू घेतली म्हणून त्यास पकडलें, आणि बार्बास्त्रो येथें गोळी घातली. जपमाळ त्यानें टाकली नाहीं. ४ मे १९९७ रोजीं पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनीं त्यास धन्यवादित म्हणून जाहीर केलें. रोमा लोकांतला हा पहिलाच. पुढें २ जून २०१९ रोजीं रोमानियांतील ब्लाज येथें पोप फ्रान्सिस ह्यांनीं, ख्रिस्ती लोकांनीं रोमांना जें वागविलें त्याबद्दल, ख्रिस्तसभेच्या वतीनें त्यांची क्षमा मागितली.

क्षमेचा शब्द निघाला. म्हणून आतां मी माझ्या चुकीकडे येतों.

आपल्या गांवावरून जो लोहमार्ग जातो तो १८६७ सालीं नागपुरास पोहोंचला. त्याआधीं ह्या वऱ्हाडांत धान्य आणि मीठ येत-जात असे तें बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून. गाडी आली आणि त्यांचा धंदा बसला. त्यानंतर चारच वर्षांनीं, १८७१ सालीं, इंग्रज सरकारनें गुन्हेगार जातींचा कायदा केला, आणि पुढें निरनिराळ्या प्रांतांत बंजाऱ्यांच्या टोळ्यांचीं नांवेंहि त्या यादींत चढलीं. पोटाचा उद्योग गेला आणि वर कपाळाला डाग लागला. तो डाग कायद्याच्या पुस्तकांतून पुसला गेला ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं. लोकांच्या मनांतून कधीं पुसला जाईल तें आपणच सांगा. परंतु तांड्यांतल्या बायांनीं आरशांचा फेटिया आणि कांचळी टाकली नाहीं, तीजेला टोपलींत गहूं पेरणें टाकलें नाहीं, होळीची लेंगी टाकली नाहीं, आणि फेर धरून टाळीवर वांकणें-उठणें टाकलें नाहीं.

चाळीसएक वर्षांपूर्वींची गोष्ट. नाताळचा मेळावा होता. मिस्सा आटोपल्यावर तांड्यांतून आलेल्या पांच-सात बायांनीं अंगणांत फेर धरला. थाळी वाजूं लागली. मी तरुण मास्तर होतों, नुकताच शहरांतून शिकून आलेला. बाहेरगांवचे पाहुणे यावयाचे होते, आणि मला लाज वाटली. मी पुढें होऊन म्हणालों, "बायांनो, हें तांड्यांतलें आतां पुरे करा. आपण आतां सुधारलेले लोक आहोंत." मला हें सांगावयास कोणीं पाठविलें नव्हतें, फादरांनीं नाहीं, पंचांनीं नाहीं. माझी लाज हीच माझी आज्ञा. थाळी थांबली. बाया कांहीं बोलल्या नाहींत; डोईवरचे पदर पुढें ओढून भिंतीशीं जाऊन बसल्या. त्यानंतर त्यांनीं ह्या आवारांत पुनः कधीं फेर धरला नाहीं. मीं कायदा केला नाहीं, कोणाला कैदेंत टाकलें नाहीं. पण १७८३ च्या त्या राजानें जें केलें, तेंच मीं एका वाक्यांत केलें.

पुण्याच्या त्या खोलींत, पैसे भरून, परक्या देशाच्या नाचासाठीं वर्तुळांत उभ्या राहिलेल्या मुलींच्या टाळ्या ऐकतांना मला तें वर्तुळ आठवलें. माझी नात जें शिकावयास आली होती तें, म्हणजे एकीनें मध्यें यावें आणि बाकीच्यांनीं तिला टाळीनें उचलून धरावें, तें आमच्या अंगणांत फुकट चाललें होतें. आणि मीं तें थांबविलें.

त्या बायांपैकीं एक आज ह्या मंडपांत आहेत. सगळे त्यांना याडी म्हणतात. आज नाचणाऱ्या मुलींत त्यांची नात आहे. पंधरा दिवसांपूर्वीं तालीम चालली असतां त्या येऊन मागें बसल्या. मी जवळ जाऊन, हात जोडून, त्या दिवसाबद्दल क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "मास्तर, तुमी इसरले असान, असं वाटलं होतं. मी नाई इसरली." एवढेंच. पुढें बराच वेळ त्या मुलींकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "पोरी टाळी बरोबर वाजवतात, पन एकमेकींचं ऐकत नाईत." पुण्याच्या बाई दोन दिवस जें शिकवीत होत्या, तें ह्या बाईंनीं एका वाक्यांत सांगितलें. मुलींनीं त्यांना मध्यें बोलावलें. त्या उठल्या नाहींत. पण बसल्या जागीं त्यांनीं टाळी धरली, आणि मुलींचे पाय त्या टाळीवर आले. तेव्हांपासून रोज त्या तालमीला येत आहेत.

म्हणून, बंधुभगिनींनो, माझ्या तीन विनंत्या आहेत.

पहिली मुलींस. मुलींनो, तुम्ही आज जें दाखवाल त्यास फ्लॅमेंको म्हणूं नका. फ्लॅमेंकोचा पहिला धडा म्हणा. ह्या लोकांनीं तें जिवापाड जपलें आहे. पाहुण्याच्या घरीं जाऊन आपण मालक असल्याचा आव आणूं नये. पण धडा घेतलात हें फार चांगलें केलेंत, कारण दुसऱ्याच्या घरचा दिवा पाहून आपल्या घरचा कोनाडा आठवतो.

दुसरी विनंति वडील मंडळींस. गोव्याच्या आपल्या ख्रिस्ती बांधवांनीं मांडो आणि देखणी सोडली नाहीं, वसईच्या बांधवांनीं आपलीं लग्नगीतें सोडलीं नाहींत; त्यांचा धर्म त्यामुळें कमी झाला नाहीं. आपल्याहि धर्मग्रामांत अनेक घरांतून आजीबाईंच्या ओठीं जात्यावरचीं, पाळण्याचीं, तांड्यांतलीं, मळ्यांतलीं गाणीं आहेत, आणि पायांत पावलें आहेत. तीं कोणींहि मागितलीं नाहींत म्हणून त्यांनीं दिलीं नाहींत. पुढल्या नाताळापर्यंत प्रत्येक घरानें एक गाणें तरी वहींत उतरून घ्यावें, म्हणणारीच्या नांवासकट. वह्या मी गोळा करीन. माझे डोळे अजून चालतात.

तिसरी विनंति सर्वांस, आणि ती अगदीं सोपी आहे. आतां नाच सुरू होईल. मघां शिकलेली बारा मात्रांची टाळी विसरूं नका. गाणें चाललें असतां दबकी द्या, पाय जोरांत आले कीं कडक द्या, आणि शेजाऱ्याची ऐकून द्या. नाच संपल्यावर मुली एक फेर धरणार आहेत. तो स्पेनचा नाहीं. त्यावेळीं याडी उठल्या, तर सर्वांनीं उभें राहावें.

चाळीस वर्षांपूर्वीं ह्याच अंगणांत जी थाळी माझ्या शब्दानें थांबली, ती आज फादरांनीं स्वतः आणवून ठेविली आहे. ती ह्या टेबलावर आहे. ती वाजविण्याचा मान कोणाचा हें मी सांगण्याची गरज नाहीं. ज्या परमेश्वराला आपण देव म्हणतों आणि ते दूरदेशींचे लोक देवेल म्हणतात, तो आजची ही संध्याकाळ आपली मानून घेवो.